विरोधी बाकावरील अर्धशतक

महाराष्ट्राच्या राजकारणाचा इतिहास बहुधा मुख्यमंत्र्यांच्या कारकिर्दींनी मोजला जातो; कोण कोणत्या वर्षी मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर बसला, कोणी कोणाला पायउतार केले आणि दिल्लीहून कोणता निरोप आला, यांच्या हकिकतींनी आपली राजकीय चरित्रे भरलेली असतात. परंतु ज्या खेडुताचा या राज्याशी येणारा संबंध मामलेदार कचेरीच्या व्हरांड्यापासून सुरू होतो आणि बहुतेक वेळा तेथेच संपतो, त्याच्या दृष्टीने राज्यसंस्थेचे रूप मुख्यमंत्र्यात नसून आपल्या तालुक्याच्या आमदारात असते. तगाईचा अर्ज, तलावाची मंजुरी, बंद पडलेली एसटीची फेरी, शाळेला न मिळालेला मास्तर, पिकाची लावलेली चुकीची पैसेवारी, अशा नानाविध गाऱ्हाण्यांचे गाठोडे घेऊन तो ज्याच्या दारी जातो, त्या मनुष्याच्या आयुष्यक्रमाचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. तो करावयाचा तर त्यासाठी सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांच्या कारकिर्दीहून अधिक योग्य उदाहरण सापडणे कठीण आहे. कारण ही कारकीर्द १९६२ पासून २०१९ पर्यंत पसरलेली आहे, ती एकाच मतदारसंघात आणि एकाच पक्षात गेली, आणि तिचा फार मोठा भाग सत्तेबाहेर, विरोधी बाकांवर व्यतीत झाला.

प्रथम तो मुलूख समजून घेतला पाहिजे. सोलापूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, पंढरपूर, मंगळवेढा, माळशिरस, आटपाडी आणि जत यांच्या मध्ये वसलेला सांगोला तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. ज्या मेघांनी महाबळेश्वरी धो धो बरसावे, तेच येथपर्यंत येताना रिते झालेले असतात. आणि जो काही पाऊस पडतो, तो परतीच्या वाटेवर, भाद्रपद-आश्विनात, तोही आला तर आला. माण नदी या प्रदेशातून वाहते असे नकाशा सांगतो. प्रत्यक्षात वर्षाचे बहुतेक महिने तिचे पात्र म्हणजे वाळूचा पट्टाच असतो. ज्वारी-बाजरी, खिल्लार जनावरे आणि मेंढरांचे कळप हीच पिढ्यान्‌पिढ्यांची दौलत. व्यंकटेश माडगूळकरांच्या लेखनातून मराठी वाचकाला परिचित झालेला माणदेश तो हाच. धनगर समाजाची वस्ती येथे मोठी आहे, आणि दुष्काळ पडला की मेंढरे घेऊन पाण्याच्या शोधात दूरवर जाणे हा त्या समाजाचा अंगवळणी पडलेला क्रम होता.

मोहोळ तालुक्यातील पेनूर येथे १९२६ साली जन्मलेले आणि कायद्याचे शिक्षण घेतलेले गणपतराव या तालुक्यात स्थिरावले ते शेतकरी कामगार पक्षाचे कार्यकर्ते म्हणून. हा पक्षही समजून घेणे अवश्य आहे. १९४७ साली काँग्रेसच्या अंतर्भागात शंकरराव मोरे, केशवराव जेधे प्रभृतींनी तो संघटित केला आणि १९४८ मध्ये तो काँग्रेसबाहेर पडला. १९५० च्या दाभाडी प्रबंधाने त्याने मार्क्सवादाचा स्वीकार केला. बहुजन समाजातील शेतकरी हा त्याचा आधार, आणि काँग्रेसमध्ये जमीनदार व भांडवलदार यांचे वर्चस्व आहे हा त्याचा आक्षेप. परंतु पक्षाचे संस्थापकच थोड्या वर्षांत काँग्रेसमध्ये परतले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर यशवंतराव चव्हाणांनी बेरजेच्या राजकारणाचे दार इतके प्रशस्त उघडले की, एकामागून एक पुढारी त्यातून आत गेले. जो तरुण अशा काळात या पक्षात राहिला, त्याने सत्तेचा मार्ग समजून-उमजून सोडला होता, हे ध्यानात घेतल्यावाचून त्याच्या पुढील आयुष्याचा अर्थ लागणार नाही.

१९६२ ची विधानसभा ही महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतरची पहिली निवडलेली विधानसभा. तिच्या २६४ जागांपैकी २१५ काँग्रेसकडे होत्या. शेतकरी कामगार पक्ष १५ जागा घेऊन प्रमुख विरोधी पक्ष ठरला होता आणि कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते झाले होते. त्या पंधरांत सांगोल्याचे गणपतराव होते. त्या वेळी विधानसभा कुलाब्याजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरत असे. नरिमन पॉइंटचे विधान भवन १९८१ मध्ये उभे राहिले. एक योगायोग असा की, त्याच १९६२ च्या १ मे रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. रस्ते, शाळा, दवाखाने, पाझर तलाव यांसारख्या पुष्कळशा बाबी त्यांच्याकडे गेल्या, आणि ग्रामीण आमदारासमोर प्रथमच हा प्रश्न उभा राहिला की, आता आपले काम नेमके कोणते? ज्यांनी त्याचे उत्तर जिल्हा परिषद, सहकारी बँक आणि साखर कारखाना यांच्या त्रिकोणावर कबजा मिळवण्यात शोधले, ते पुढे काँग्रेसच्या सत्तेचे जिल्हावार आधारस्तंभ झाले. गणपतरावांपुढे तो मार्ग नव्हता. त्यांच्या तालुक्यात उसाला पाणी नव्हते, आणि राज्यात त्यांच्या पक्षाला सत्ता नव्हती.

मग विरोधी आमदाराजवळ साधने तरी कोणती उरतात? पहिले साधन म्हणजे प्रश्न. सभागृहाच्या बैठकीचा पहिला तास प्रश्नोत्तरांचा असतो. सदस्याने आगाऊ दिलेल्या तारांकित प्रश्नाला मंत्र्याने उभे राहून तोंडी उत्तर द्यावे लागते, आणि त्या उत्तरावर उपप्रश्न विचारता येतात. खरा कस लागतो तो उपप्रश्नात. लेखी उत्तर सचिवालयातील अधिकाऱ्याने तयार केलेले असते, पण उपप्रश्नाच्या वेळी मंत्री एकटा असतो, आणि ज्याला आपल्या तालुक्यातील तलावाची लांबी, भूसंपादनाची तारीख आणि ठेकेदाराला दिलेली मुदत मुखोद्गत आहे, त्याच्यापुढे मोघम उत्तर टिकत नाही. प्रश्नाखेरीज लक्षवेधी सूचना आहे, अर्ध्या तासाची चर्चा आहे, मागण्यांवरील कपात सूचना आहे. यांपैकी कशानेही सरकार पडत नाही. बहुमताच्या सरकारला कपात सूचनेची भीती वाटण्याचे कारण नसते. पण मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासन कार्यवृत्तात छापले जाते, आश्वासन समितीच्या दप्तरात त्याची नोंद होते, आणि जो सदस्य पुढच्या अधिवेशनात, त्याच्या पुढच्या अधिवेशनात, पाच वर्षांनी आणि दहा वर्षांनीही त्या आश्वासनाचा पृष्ठांक काढून उभा राहतो, त्याला टाळणे शासनाला कठीण जाते. माझ्या मते गणपतरावांच्या संसदीय सामर्थ्याचे रहस्य येथे आहे. मंत्री बदलतात, सचिव बदलतात, जिल्हाधिकारी तर तीन वर्षांत बदलतो. त्या सर्वांच्या येण्याजाण्यात एखाद्या कालव्याची संपूर्ण हकिकत ज्याच्या स्मरणात अखंड राहिली आहे असा एकच मनुष्य उरतो, आणि तो म्हणजे पुन्हापुन्हा निवडून येणारा आमदार.

मात्र निवडून येणे हे त्यांच्याही बाबतीत गृहीत नव्हते. १९६७ मध्ये विजय मिळाला, पण १९७२ मध्ये, म्हणजे इंदिरा गांधींच्या लाटेत काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा घेतल्या आणि शेतकरी कामगार पक्षाच्या हाती अवघ्या ७ राहिल्या त्या निवडणुकीत, सांगोल्याने त्यांना घरी बसवले. आणि नेमका त्यानंतर तो भयंकर दुष्काळ आला, ज्याची आठवण माणदेशातील म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात अजून कालगणनेचे काम करते. विहिरी आटल्या, जनावरे कवडीमोलाने गेली, आणि १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात पोहोचली. खडी फोडणाऱ्या त्या मजुरांत कालचा बागाईतदारही होता आणि त्याचा गडीही. ज्या काळात या तालुक्याला आपला प्रश्न सभागृहात मांडण्याची सर्वाधिक निकड होती, त्या काळात गणपतराव सभागृहाबाहेर होते. १९७४ च्या पोटनिवडणुकीत तालुक्याने त्यांना परत पाठवले, आणि त्यानंतर एकवीस वर्षे त्यांची जागा हलली नाही.

या दुष्काळातून महाराष्ट्राने जगाला एक मौलिक गोष्ट दिली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून साकारलेली रोजगार हमी योजना दुष्काळी कामांच्या अनुभवावर वाढली, तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पूर्वी दुष्काळी काम ही सरकारची मेहेरबानी होती. कलेक्टरने पैसेवारी पाहावी, ती ठरलेल्या मर्यादेच्या खाली आली तर दुष्काळ जाहीर करावा, आणि मग कामे काढावीत. कायद्याने काम मागणे हा हक्क ठरवला. १९७७ मध्ये काही महिने गणपतराव विधानसभेत विरोधी पक्षनेते होते, आणि कायदा अमलात आला तेव्हा ते मंत्री होते. कारण १९७८ च्या जुलैमध्ये शरद पवारांच्या नेतृत्वाखाली पुरोगामी लोकशाही दलाचे जे सरकार आले, त्यात शेतकरी कामगार पक्ष सामील होता. ते सरकार १९८० च्या फेब्रुवारीत बरखास्त झाले. दुसऱ्यांदा मंत्रिपद मिळाले ते १९९९ मध्ये, विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात. २००२ मध्ये रायगड जिल्हा परिषदेवरून राष्ट्रवादी काँग्रेसशी पक्षाचे वितुष्ट आले, शेतकरी कामगार पक्षाने पाठिंबा काढून घेतला, आणि सांगोल्यापासून शेकडो मैलांवर झालेल्या एका भांडणाने तेही पद संपले. पक्षनिष्ठेची ही किंमत होती आणि ती त्यांनी दिली. अशा वेळी मंत्रिपदासाठी पक्ष सोडणारे आमदार महाराष्ट्राने पुष्कळ पाहिले आहेत. त्या पार्श्वभूमीवर हा त्याग लहान मानता येणार नाही.

सत्तेवाचून तालुक्यात काही उभे करावयाचे तर दुसरे साधन सहकाराचे. ऊस नाही म्हणून कारखान्याचा नाद सोडून सांगोल्यात शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली. ज्या तालुक्यात कापूस हे मुख्य पीक नाही तेथे सूतगिरणी कशाला, असा प्रश्न अर्थशास्त्री विचारील. त्याला उत्तर असे की, पाण्याशिवाय चालणारा आणि शेकडो हातांना बारमाही काम देणारा उद्योग ही येथील पहिली गरज होती, आणि कापूस गाडीने आणता येतो. राज्यातील कित्येक सहकारी गिरण्या कर्जाच्या ओझ्याखाली बंद पडत असता ही गिरणी चांगल्या कारभाराचा दाखला म्हणून सांगितली जात असे. सहकारी संस्थेचा कारभार नेकीने चालवणे ही वरकरणी साधी दिसणारी गोष्ट आहे. पण सभासदाच्या पैशाला हात न लावणारा अध्यक्ष किती दुर्मीळ झाला आहे हे आपल्या साऱ्या राज्याला ठाऊक आहे, आणि ज्या मतदाराने आपली ठेव बुडताना पाहिली आहे, त्याला या गोष्टीचे मोल कोणी समजावून सांगावे लागत नाही. एसटीने प्रवास करणारा, स्वतःसाठी मालमत्ता न जोडणारा आमदार ही गणपतरावांची जी प्रतिमा महाराष्ट्रभर झाली, तिला या चोख व्यवहाराचा आधार नसता तर ती केवळ कौतुकाची कथा होऊन राहिली असती.

रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवडीचा कार्यक्रम १९९० च्या सुमारास सुरू झाला, आणि त्याने या तालुक्याचे रूप बदलले. खड्डे खणण्याची, रोपे लावण्याची मजुरी शासनाने द्यावी आणि झाड शेतकऱ्याचे राहावे, ही ती योजना. माणदेशच्या हलक्या, मुरमाड, निचरा होणाऱ्या जमिनीत डाळिंब चांगले येते, त्याला उसाच्या मानाने पाणी फार थोडे लागते, आणि ठिबक सिंचनाने ते थोडके पाणीही मुळाशी पोहोचवता येते. प्रथम गणेश, मग भगवा, अशा वाणांनी शेते भरली. तेल्या रोगाने आणि मर रोगाने पुढे पुष्कळ बागा उद्ध्वस्त केल्या, कित्येकांनी झाडे मुळासकट काढून टाकली, हेही नमूद केले पाहिजे. तरीही २०२० च्या डिसेंबरात शंभरावी किसान रेल्वे जेव्हा बंगालकडे निघाली, तेव्हा ती सांगोल्याहून निघाली होती; ज्या स्थानकावरून एके काळी माणसे पोटासाठी परमुलखी जात, तेथून फळे परमुलखी जाऊ लागली.

आणि तरी मूळ प्रश्न पाण्याचाच राहिला. त्याची गुंतागुंत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. कृष्णेच्या पाण्याचे राज्याराज्यांत वाटप करणाऱ्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी पाणी दिले, आणि त्या निवाड्याच्या फेरविचाराला ३१ मे २००० नंतर वाव ठेवला. तोपर्यंत आपल्या वाट्याचे पाणी अडवले नाही तर पुढील वाटपात आपली बाजू लंगडी पडेल, ही भीती होती. पण कृष्णा वाहते ती सखल भागातून, आणि खानापूर, आटपाडी, सांगोला, जत हे तालुके तिच्यापेक्षा उंचावर आहेत. येथे पाणी आणावयाचे तर कालव्याने येत नाही, पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलावे लागते. टेंभू आणि म्हैसाळ यांसारख्या उपसा योजना कागदावर होत्या, त्यांना पैसा नव्हता. १९९३ पासून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव यांनी आटपाडीला तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरवण्यास आरंभ केला. वाळव्याचे नागनाथअण्णा हे प्रतिसरकारच्या लढ्यातले, आणि स्वतः पाण्याने समृद्ध भागातले. आपल्या भागाला मिळते त्यातले पाणी उंचावरच्या तहानलेल्या भावाला मिळावे म्हणून बागाईत मुलखातला पुढारी रस्त्यावर उतरतो, हे दृश्य महाराष्ट्राच्या राजकारणात विरळा आहे, आणि त्याचा जितका गौरव व्हावयास हवा होता तितका झालेला नाही.

या परिषदेची मागणी नुसती पाणी आणा एवढीच नव्हती. आलेले पाणी ज्याच्या मालकीची जमीन अधिक त्याला अधिक, या रिवाजाने वाटू नये; प्रत्येक कुटुंबाला त्याचा समान वाटा मिळावा, भूमिहीनालाही मिळावा, हे समन्यायी वाटपाचे तत्त्व तिने मांडले. नागनाथअण्णा २०१२ मध्ये गेले, त्यानंतर परिषदेची धुरा गणपतरावांकडे आली. योजनांना पैसा मिळाला, पंप बसले, आणि नव्या शतकात टेंभूचे पाणी टप्प्याटप्प्याने सांगोल्याच्या शिवारात येऊ लागले. तेव्हा पंपांच्या विजेचे बिल कोणी भरावे हा नवा तंटा उभा राहिला. बिल थकले की पंप बंद, आणि पंप बंद की कालव्यात पुन्हा धूळ. अखेर बिलाचे ८१ टक्के शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी सोसावे असे सूत्र ठरले. १९६२ साली जे तरुण होते त्यांच्यापैकी फार थोडे हे पाणी पाहावयास उरले होते. एका आमदाराचे अर्धशतक खर्ची पडावे आणि त्याच्या अखेरीस तालुक्याच्या काही भागात पाणी यावे, ही गती पाहून मन खिन्न होते. पण ज्या कामाला तीस-चाळीस वर्षे लागतात ते पाच वर्षांच्या मुदतीने बांधलेल्या लोकप्रतिनिधीकडून कसे व्हावे, या प्रश्नाला सांगोल्याच्या मतदारांनी आपल्यापुरते उत्तर दिले होते: त्यांनी मुदत पुन्हापुन्हा वाढवून दिली.

ती आंधळेपणाने दिली नाही. १९९५ मध्ये दोनशेहूनही कमी मतांनी त्यांचा पराभव झाला आणि शहाजीबापू पाटील निवडून आले. १९९९ मध्ये गणपतराव परत आले, २००४ आणि २००९ मध्ये टिकले, आणि २०१४ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याऐंशीच्या घरात, मोदी लाटेच्या ऐन भरात, त्यांनी अकराव्यांदा विजय मिळवला. हा साऱ्या देशाचा विक्रम असल्याचे पुष्कळदा लिहिले जाते. ते बरोबर नाही, केरळात पाला मतदारसंघातून के. एम. मणी तेरा वेळा निवडून आले होते. महाराष्ट्रात मात्र एकाच मतदारसंघातून अकरा वेळा निवडून येणारा दुसरा आमदार नाही.

या यशाची दुसरी बाजू टाळून चालणार नाही. १९६७ मध्ये विधानसभेत शेतकरी कामगार पक्षाचे १९ सदस्य होते; २०१४ मध्ये ३ उरले. रायगडातील अलिबाग-पेण, कंधारचा परिसर आणि सांगोला अशी जी बेटे राहिली, ती त्या त्या पुढाऱ्यांच्या नावावर उभी होती. गणपतरावांवरील विश्वास शेजारच्या तालुक्यात पक्षाचे मत होऊ शकला नाही, आणि दाभाडी प्रबंधातील विचार नव्या पिढीला पोहोचवणारे कार्यकर्ते तयार झाले नाहीत. ज्या आमदाराला पक्षाच्या आधारावाचून निवडून येता येते, त्याचा पक्षच त्याच्या आधाराने जगू लागतो. आणि तसे झाले की पक्ष वाढण्याचे थांबते. हा दोष एकट्या त्यांचा नाही. परंतु आमदारकीची शक्ती आणि पक्षबांधणीची शक्ती एकाच मनुष्याच्या दिवसाच्या तासांतून काढावयाच्या असतात, आणि तालुक्याच्या गाऱ्हाण्यांनी त्यांचे दिवस भरून टाकले होते.

२०१९ मध्ये ते उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत उभे राहिले आणि हजाराहून कमी मतांनी शहाजीबापू पाटलांकडून पराभूत झाले. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात गणपतरावांचे निधन झाले. २०२४ च्या निवडणुकीत दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेतकरी कामगार पक्षाकडून सांगोल्यात विजयी झाले. आजोबा १९६२ साली विधानसभेत गेले तेव्हा तालुक्यात वाटण्यासारखे पाणीच नव्हते. नातवापुढे टेंभू-म्हैसाळचे आलेले पाणी कोणाच्या शेतात किती जावे, डाळिंबाच्या बागाईतदाराला किती आणि भूमिहीन मेंढपाळाला किती, हा प्रश्न आहे, आणि आटपाडीच्या परिषदेने तीस वर्षांपूर्वी मांडलेल्या समान वाट्याच्या मागणीचा कायदा अद्याप झालेला नाही.